विश्लेषण : एका स्वल्पविरामाची किंमत ५० लाख डॉलर! इंग्रजी वाक्यात कॉमा कुठे द्यावा, कुठे टाळावा?

इंग्रजीत नोकरीचा अर्ज, ईमेल किंवा करारनामा लिहिताना स्पेलिंग दोनदा तपासले जाते, कॉमा मात्र अंदाजानेच पडतो. ‘वाचताना थांबावेसे वाटेल तिथे कॉमा द्यावा’ हा शाळेत ऐकलेला नियम अनेक जण आयुष्यभर वापरतात. पण इंग्रजीत कॉमाचे मुख्य काम वेगळे आहे. वाक्यातील कोणता शब्द कशाशी जोडायचा, हे तो सांगतो. तो गळला किंवा नको तिथे पडला तर अर्थ बदलतो आणि कधी कधी प्रकरण न्यायालयात जाते.

अमेरिकेत काय घडले?

अमेरिकेतील मेन राज्यात आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम केल्यास दीडपट मोबदला द्यावा लागतो. मात्र नाशवंत खाद्यपदार्थांशी संबंधित काही कामे या नियमातून वगळली होती. डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, गोठवणे, साठवणे अशा त्या यादीच्या शेवटी शब्द होते : ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’. यात ‘शिपमेंट’नंतर कॉमा नव्हता.

ओकहर्स्ट डेअरीच्या गाडीचालकांनी नेमके त्यावर बोट ठेवले. वगळलेले काम म्हणजे ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणे’. आम्ही पॅकिंग करत नाही, फक्त माल पोहोचवतो; म्हणून आम्हाला ओव्हरटाइम मिळायला हवा, असा त्यांचा दावा होता. पॅकिंग आणि वितरण ही दोन स्वतंत्र कामे असून दोन्ही वगळलेली आहेत, असे डेअरीचे म्हणणे होते. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने हे कलम संदिग्ध ठरवले. कायदा कामगारांच्या हितासाठी असल्याने संदिग्धतेचा फायदा चालकांना मिळाला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान, राज्याने कलमात दुरुस्ती करून कामांच्या मध्ये अर्धविराम घातले.

ऑक्सफर्ड कॉमा म्हणजे काय?

यादीतील शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी येणारा कॉमा म्हणजे ऑक्सफर्ड कॉमा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेत तो पाळला जातो, म्हणून हे नाव. अमेरिकी पुस्तकांत तो सहसा असतो, वृत्तपत्रांत बहुधा नसतो. दोन्ही पद्धती मान्य आहेत. पण तो नसल्याने अर्थ संदिग्ध होत असेल, तर द्यावा.

भारतातील उदाहरण कोणते?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २७ मधील ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ या शब्दांचा अर्थ लावायचा होता. आरोपीकडे औषधे सापडली होती, पण ती विक्रीसाठी होती हे सिद्ध झाले नव्हते. ‘स्टॉक्स’नंतर कॉमा नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. त्यामुळे ‘विक्रीसाठी’ हे शब्द साठवणुकीलाही लागू होतात. नुसते जवळ बाळगणे या कलमात बसत नाही, असे सांगून शिक्षा रद्द करण्यात आली.

आपला कॉमा कुठे चुकतो?

मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. चिन्ह इंग्रजीतून आले, पण पुढे त्याला मराठी वळण लागले. तेच वळण इंग्रजी लिहिताना आड येते.

दोन पूर्ण वाक्ये : ‘पाऊस आला, आम्ही भिजलो’ हे मराठीत खपून जाते. इंग्रजीत ‘इट रेन्ड, वी गॉट वेट’ ही चूक धरली जाते. तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नाहीतर कॉमानंतर ‘सो’ किंवा ‘अँड’ हवे.

‘की’नंतरचा कॉमा : आपण ‘तो म्हणाला की,’ असे लिहितो. इंग्रजीत ‘ही सेड दॅट’नंतर कॉमा येत नाही.

कर्ता आणि क्रियापद : कर्ता कितीही लांबलचक असला, तरी त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा टाकू नये.

‘इफ’, ‘व्हेन’ : यांनी वाक्य सुरू झाले, तर तो भाग संपल्यावर कॉमा द्यावा. हाच भाग वाक्याच्या शेवटी आला, तर बहुधा गरज नसते.

‘हू’, ‘विच’ : ‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे’ कॉमाविना लिहिले, तर अनेक भावांपैकी पुण्यात राहणारा भाऊ. ‘हू लिव्ज इन पुणे’ दोन कॉमांच्या मध्ये ठेवले, तर भाऊ एकच आणि पुणे ही जादा माहिती. वारसाहक्काच्या कागदात हा फरक महागात पडू शकतो.

संबोधन : ‘थँक यू, सर’मध्ये कॉमा हवाच.

महत्त्वाचा कागद पाठवण्यापूर्वी प्रत्येक कॉमा मनातल्या मनात काढून वाक्य पुन्हा वाचावे. अर्थ बदलत असेल, तर तो कॉमा योग्य जागी आहे का हे तपासावे. आणि पैसे, मुदत किंवा हक्क एकाच कॉमावर अवलंबून असतील, तर त्याच्या भरवशावर न राहता वाक्यच नव्याने लिहावे.