लाल की हिरवी? : सांता फे नगरीतील चार दिवस

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात न्यू मेक्सिको नावाचे राज्य आहे. इतर राज्यांप्रमाणे या राज्याने आपले फूल आणि आपला पक्षी तर निश्चित केला आहेच, शिवाय एक अधिकृत प्रश्नही निश्चित केला आहे : ‘लाल की हिरवी?’ उपाहारगृहात आसनस्थ होताच वाढपी हा प्रश्न विचारतो. पदार्थावर लाल मिरचीची आमटीसारखी पातळ चटणी हवी की हिरवीची, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही हव्या असल्यास ‘ख्रिसमस’ म्हणावयाचे. गेल्या जून महिन्यात या राज्याच्या राजधानीत, सांता फे येथे, आम्ही चार दिवस वास्तव्य केले. तेथे या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपणच चार प्रश्न विचारावयास हवेत, हे आम्हांस एका चुकीनंतर उमगले.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त फिनिक्स येथे असतात. ते, सूनबाई, अकरा वर्षांचा नातू आणि आम्ही उभयता असे पाच जण मोटारीने निघालो. थेपले, खाकरे आणि भाजलेले मखाणे सौभाग्यवतींनी बांधून घेतले होते. जूनमध्ये तेथे सूर्यास्त संध्याकाळी सव्वाआठनंतर होत असल्याने चौविहाराची चिंता नव्हती.

सांता फे समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवर वसलेले आहे. अमेरिकेतील कोणत्याही राज्याची राजधानी याहून उंचावर नाही. येथे पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते, त्यामुळे घेवडा शिजावयास फार वेळ लागतो. शहरात काचेच्या गगनचुंबी इमारती नाहीत. माती आणि गवत कालवून उन्हात वाळवलेल्या विटांची सपाट छपरांची घरे, भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या लाकडी तुळया आणि सर्वत्र मातीचाच रंग. अहमदनगर-बीडकडील माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस हे दृश्य परके वाटणार नाही. १९५७ साली नगरपालिकेने नियम करून जुन्या भागाची ही शैली जपली. आज अनेक घरांत मातीच्या विटा नसून वरून केवळ तसा गिलावा असतो, हा भाग वेगळा.

गावाच्या मध्यभागी ‘प्लाझा’ नावाचा चौक आहे. व्यापारी कुटुंबातील माणसाने येथे थोडा वेळ अवश्य बसावे. स्पेनचा अंमल असेपर्यंत अमेरिकन व्यापाऱ्यांस येथे मज्जाव होता. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी विल्यम बेकनेल हा मिसुरी प्रांतातील कर्जबाजारी मनुष्य खेचरांवर माल लादून येथे पोहोचला. त्याच्या मालाचे रोख चांदीत पैसे झाले. पुढे सुमारे ९०० मैलांच्या या वाटेवरून गाड्यांचे तांडे येऊ लागले. येताना कापड आणि लोखंडी सामान, जाताना चांदी, खेचरे आणि लोकर. १८८० साली रेल्वे आली आणि तांड्यांचे दिवस संपले. लोटा-दोरी घेऊन मारवाडातून निघालेल्या आपल्या पूर्वजांची आठवण त्या चौकात झाल्याखेरीज राहत नाही.

चौकाच्या उत्तरेस १६१० च्या सुमारास बांधलेला गव्हर्नरांचा वाडा आहे. त्याच्या ओसरीत मूळ रहिवासी जमातींचे कारागीर जमिनीवर कापड अंथरून चांदीचे आणि पिरोजा रत्नाचे दागिने विकतात. बसण्याच्या जागा रोज सकाळी सोडत काढून ठरतात. विकणारा स्वतः कारागीर किंवा त्याच्या घरातील असला पाहिजे आणि वस्तूवर कारागिराची खूण हवी, असा नियम आहे. दलाल मध्ये नसल्याने भाव कारागिरालाच मिळतो. आमच्या सराफ वाचकांनी ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे.

तेथून थोड्या अंतरावर लोरेटो चॅपेल आहे. त्यातील लाकडी जिना दोन पूर्ण वेढे घेऊन वर जातो, त्याच्या मध्यभागी खांब नाही आणि पायऱ्या ३३ आहेत. एक अनोळखी सुतार आला, जिना करून मजुरी न घेताच निघून गेला, अशी कथा सांगतात. इतिहासकार त्या सुताराचे नाव शोधतात. भाविकांस त्याची गरज वाटत नाही.

आता त्या चुकीविषयी. आम्ही जेथे उतरलो होतो, तेथील यजमानीण सत्तरीच्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बशीभर बिस्किटे आणून दिली. त्यांचे नाव बिस्कोचितो. बडीशेपेसारखा सुगंध, वर दालचिनी-साखर आणि तोंडात टाकताच विरघळणारा खुसखुशीतपणा. थेट आपली नानखटाई! ‘मांस खात नाही’ असे चिरंजीवांनी आधी कळवले होते, म्हणून आम्ही निश्चिंत मनाने खाल्ली. नातवाने तीन खाल्ली.

दुसऱ्या दिवशी चौकातील दुकानात त्याच बिस्किटांचे पाकीट नातवाने हाती घेतले आणि सवयीप्रमाणे मागील यादी वाचली. “दादाजी, यात लार्ड आहे.” लार्ड म्हणजे डुकराची चरबी. यादीत अंडेही होते. आम्ही कोणीच काही बोललो नाही. १९८९ पासून हे राज्याचे अधिकृत बिस्किट आहे आणि त्याचा खुसखुशीतपणा परंपरेने या चरबीचाच, हे नंतर समजले.

बाहेर बाकावर बसल्यावर नातू म्हणाला, “तुम्ही बँकेत वाचल्याशिवाय सही करत नव्हतात ना?” छत्तीस वर्षांच्या सेवेत कोणा अधिकाऱ्याने मला इतका नेमका शेरा दिला नव्हता. मी विचारले नाही, कारण इतक्या प्रेमाने दिलेल्या वस्तूची चौकशी करणे मला असभ्य वाटले. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “दोष त्या बाईंचा नाही. जयणा आपली सुटली.” दुसऱ्या दिवशी त्यांनी एकासणे केले. मीही केले.

यजमानीणबाईंस हे सांगावे की नाही, याचा आम्ही विचार करीत होतो. नातवाने सांगूनही टाकले. त्या फार हळहळल्या. त्यांच्या दृष्टीने मांस म्हणजे मांसाचा तुकडा, लार्ड म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातील नेहमीचा डबा. मग त्या सौभाग्यवतींजवळ बसल्या आणि कोणत्या पदार्थात काय असते, ते एका कागदावर लिहून दिले. गव्हाच्या तोर्तियात आणि घोटलेल्या घेवड्यात लार्ड असू शकते. पोसोले आणि हिरव्या मिरचीचा रस्सा यांत बहुधा डुकराचे मांस असते. पुरीसारखी फुगणारी सोपापिया मधाबरोबर देतात आणि तिच्या कणकेतही लार्ड असू शकते. काही चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते. चटण्यांत लसूण ठरलेलीच.

वर्ज्य पदार्थांची ही यादी मोठी होती. तथापि तिच्यामुळेच पुढील दिवस सुखाचे गेले. मक्याच्या तोर्तियात केवळ मका, पाणी आणि चुना असतो. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, साल काढून, वाटून भाकरी करण्याची ही रीत हजारो वर्षांची आहे. निळ्या मक्याची तोर्तिया पाहून तर आम्हांस ज्वारीची भाकरीच आठवली. तिसऱ्या दिवशी एका छोट्या उपाहारगृहात नातवाने स्वतःहून कागद पुढे केला. आचारी बाहेर आला, त्याने तो वाचला आणि केवळ मीठ घातलेला अख्खा घेवडा, कोवळा भोपळा व मक्याचे दाणे यांची भाजी, आणि सुकी लाल मिरची भिजवून वाटलेली बिनलसणाची चटणी करून दिली. मिरची मूळची अमेरिका खंडाची. पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडे आली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात तिखटपणा मिरीचा होता. तिच्या माहेरी ती आम्ही पोटभर खाल्ली.

वाचकहो, परगावी आपला आहार सांगताना आपण संकोचतो आणि ‘शाकाहारी’ या एका शब्दावर विसंबतो. तो शब्द पुरेसा नाही. स्निग्ध पदार्थ कोणता, रस्सा कशाचा, अंडे आहे काय, चीज कोणते, हे चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. आम्ही ते विचारू लागलो तेव्हा कोणी रागावले नाही. उलट आपल्या स्वयंपाकघराविषयी सांगण्यास लोक उत्सुक दिसले. तो कागद सध्या नातवापाशी आहे. पुढच्या प्रवासासाठी त्याने त्यावर रिकामी जागा ठेवली आहे, असे तो सांगतो.