दाखला लपवू नका, लेकीचा हात सोडू नका

बारावीचा निकाल लागला की आमच्या माहुलमध्ये पालकांची ये-जा वाढते. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे गेल्यावर इथल्या इमारतींत आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. रिफायनरीच्या वासाची तक्रार आणि मुलांच्या पुढच्या शिक्षणाची काळजी ती एकाच दमात सांगतात. असेच एक तडवी गृहस्थ आले. मूळचे रावेर तालुक्यातले. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, नीटची परीक्षाही दिली आहे. त्यांनी पिशवीतून जातीचा दाखला काढला आणि विचारले, "मॅडम, हा फॉर्मला लावू की नको? लावला तर सीट मिळंल. पण मग पोरीला पायलसारखं ऐकून घ्यावं लागंल."

डॉ. पायल तडवी जळगावची. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ती एमबीबीएस झाली. 2018 मध्ये मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे नायर रुग्णालयात, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ लागली. 22 मे 2019 रोजी तिने आपले जीवन संपवले. वय अवघे 26. अल्लाह तिची मगफिरत करो.

जातीवरून टोमणे, व्हॉट्सॲप ग्रुपवर खिल्ली, रुग्णांसमोर पाणउतारा आणि शिकण्याच्या कामापासून दूर ठेवणे, अशी घरच्यांची तक्रार होती. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवेल. आपण आई-बापांनी विचार करायचा तो वेगळ्या गोष्टीचा: एवढे शिकलेली मुलगी एकटी का पडली?

तडवी हे भिल्लांपैकी इस्लाम स्वीकारलेले लोक. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत त्यांची वस्ती आहे. पुष्कळ वाचकांना वाटते की मुसलमान झाला म्हणजे आदिवासींची सवलत गेली. तसे नाही. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे. अनुसूचित जमातींच्या यादीला ती नाही. महाराष्ट्राच्या यादीत तडवी भिल्ल आहेत. तेव्हा हा दाखला कोणाची मेहेरबानी नाही, तो राज्यघटनेने दिलेला हक्क आहे.

आणि दाखला लपवून टोमणे थांबतील काय? आडनाव कुठे लपवणार? हिजाब, बोलण्याची ढब, गावाचे नाव, यांचे काय करणार? तोंड वाईट आहे ते टोमणा मारणाऱ्याचे. शरम त्याला वाटावी, आपल्या लेकीला नव्हे.

पायलची आई आबेदा तडवी घरी बसून राहिल्या नाहीत. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला याच्या आई राधिका वेमुला यांच्यासह त्यांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्येच नियम केले होते: प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा. हे नियम नीट पाळले जात नाहीत, हे या दोन मातांचे म्हणणे. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने आयोगाकडे माहिती मागितली, की किती ठिकाणी असे कक्ष आहेत आणि किती तक्रारी आल्या. आपली मुले गमावलेल्या घरांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी हा दरवाजा ठोठावला आहे.

म्हणून प्रवेश घेतानाच काही गोष्टी कराव्यात. जात वैधता प्रमाणपत्राचे काम आधीच सुरू करावे. त्यासाठी मूळ गावच्या जुन्या नोंदी, वाडवडिलांचे शाळा सोडल्याचे दाखले जपून ठेवावेत. कॉलेजात समान संधी कक्ष कुठे आहे, रॅगिंगविरोधी समितीत कोण आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. जातीवरून अपमान झाला तर 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा अनुसूचित जमातीच्या मुलीलाही लागू आहे, मग तिचा धर्म कोणताही असो. त्रास झाला तर तारीख-वेळ लिहून ठेवावी, मेसेज पुसू नयेत, तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 आहे. मन फारच खचले असेल तर टेलि-मानस 14416 वर कोणत्याही वेळी बोलता येते.

पण कायद्याआधी घर येते. मुलगी फोनवर म्हणते, "अम्मी, इथे जीव रमत नाही." आपण म्हणतो, "सब्र कर बेटा, एवढे पैसे भरलेत." सब्र म्हणजे जुलूम मुकाट्याने सोसणे नव्हे. त्या वेळी एवढेच म्हणावे, "काय झालं ते सगळं सांग. तुझ्यापेक्षा डिग्री मोठी नाही." लेकीला खात्री हवी की परतीची वाट उघडी आहे. ती खात्री असली की लढायलाही बळ येते.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. कॉलेजातल्या भेदभावाला आपण नावे ठेवतो, पण रिश्ता ठरवताना "कोणती बिरादरी?" हा पहिला प्रश्न आपलाच असतो. तडवी, फकीर, छप्परबंद म्हटले की आपल्याही कपाळावर आठी पडते. कबिले ओळखीसाठी आहेत आणि मोठेपणा तक्व्याचा आहे, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. ती दस्तरखानावरही दिसली पाहिजे.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग दाखला परत प्लास्टिकच्या पिशवीत घालत म्हणाले, "तर मग लावतो. अन् पहिल्या दिवशी मी सोबत जातो." पहिल्या दिवशी जा, भाईसाब, आणि नंतरही जात राहा.