कमानीची ओसरी : आधी पडद्यावर, मग अंगणात

दिवाळीनंतर आमच्या घराची जुनी ओसरी उतरवायची ठरली. पत्रे गळत होते, खांबांना वाळवी लागली होती. नव्या ओसरीला सपाट छत नको, आतून कमानीसारखी गोलाई हवी, असे ह्यांनी मनाशी धरले होते. सासूबाईंची मागणी एवढीच, "झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या विसरू नका."

धाकटा तालुक्याच्या गावी शिकतो. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "अण्णा, आधी संगणकावर उभी करून बघू. तिथं चुकलं तर पुसता येतं."

त्याने स्केचअप नावाचा कार्यक्रम उघडला. घरगुती वापरापुरता तो इंटरनेटवर फुकट मिळतो. ओसरी 10 फूट रुंद आणि 12 फूट खोल. आधी त्याने समोरची चौकट काढली. मग खांबांच्या दोन्ही माथ्यांवर टिचकी मारून कमानीचा उठाव 2 फूट लिहिला. रेघ आपोआप वाकली. आतल्या कमानीबाहेर 4 इंचांवर दुसरी कमान काढून छताची जाडी दिली आणि ती पट्टी 12 फूट मागे ओढली. पाच मिनिटांत पडद्यावर ओसरी उभी! त्याने एक गोष्ट सांगितली ती ध्यानात ठेवावी. पडद्यावरची कमान म्हणजे लहान लहान सरळ तुकड्यांची माळ असते. नेहमीचे 12 तुकडे असतात. गोलाई खडबडीत दिसली तर ते वाढवावेत.

पहिली चूक मलाच दिसली. आमचे दार मधोमध नाही, डाव्या अंगाला आहे. ते 7 फूट उंच, वर दीड फुटाची झडप. छताची गोलाई 7 फुटांपासून सुरू केल्यामुळे डाव्या कोपऱ्यात ती झडपेवरच उतरली होती. खांबापासून एक फूट आत छताची उंची फक्त 7 फूट साडेनऊ इंच भरत होती. स्वयंपाकघराचा धूर त्याच झडपेतून बाहेर जातो. गोलाईची सुरुवात 8 फुटांवर नेली, तेव्हा झडप साडेतीन इंचांनी मोकळी झाली. बांधल्यावर हे कळले असते, तर छत तरी फोडावे लागले असते नाहीतर झडप तरी बुजवावी लागली असती.

दुसरी चूक संगणकाने दाखवली नाही. ती मिस्त्रींनी दाखवली. त्यांनी चित्र नीट पाहिले आणि विचारले, "हिचा रेटा कोण घेणार?" मग घरात पडलेली लग्नपत्रिका घेतली, कमानीसारखी वाकवून दोन काडेपेट्यांच्या मध्ये बसवली आणि वरून बोट दाबले. काडेपेट्या बाहेर सरकल्या. "अण्णा, कमान नुसती खाली दाबत नाही, बाजूलाही ढकलते. पडद्यावर काही पडत नसतं."

विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याच्या भिंती आठवतील. त्या सुमारे 10 फूट जाड आहेत. एवढा घुमट पेलायचा तर भिंतीही तशाच लागतात. आमचे खांब होते 9 इंचांचे! मिस्त्रींनी काडेपेट्यांना दोरा बांधून पुन्हा दाबून दाखवले, तेव्हा त्या हलल्या नाहीत. म्हणजे खांबांच्या माथ्यांना आडव्या लोखंडी सळईने जखडले तर रेटा आवरतो. पण ती सळई ओसरीच्या ऐन मध्यातून आडवी जाणार. ते कोणालाच आवडले नाही.

हे दोन दिवस नाराज होते. शेवटी मार्ग निघाला तो असा. वर साडेदहा फुटांवर नेहमीचा सपाट स्लॅब, तुळया खांबांवर. त्याखाली लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा. गोलाई शोभेची, भार स्लॅबचा. पावसाचे शिंतोडे येणाऱ्या ओसरीत जिप्समचे छत आम्ही घेतले नाही. ओल लागली की ते फुगते. झोपाळ्याच्या कड्या स्लॅब ओतण्यापूर्वीच सळयांना बांधल्या. नुसत्या गिलाव्याला टांगलेला झोपाळा माणसासकट खाली येईल!

गोलाई आखण्याचा हिशेब धाकट्याने वहीत लिहून दिला. निम्म्या रुंदीचा वर्ग म्हणजे 25, उठावाचा वर्ग 4, बेरीज 29. तिला उठावाच्या दुपटीने, म्हणजे 4 ने भागले की सव्वासात. म्हणून दोरी 7 फूट 3 इंच. मिस्त्रींनी अंगणात 10 फुटांची रेघ मारली, तिच्या मध्यापासून 5 फूट 3 इंच खाली खिळा ठोकला आणि दोरीने कमान फिरवली. दोरी रेघेच्या दोन्ही टोकांना बरोबर लागली. त्यावरूनच पट्ट्या वाकवल्या.

घर बांधणाऱ्या भगिनींना माझे एवढेच सांगणे. संगणकावर चित्र जरूर काढून घ्या, आणि ते काढताना तुम्ही शेजारी बसा. दार कुठे उघडते, धूर कुठून जातो, पाटी-घमेले घेऊन वावरताना डोके कुठे लागते, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. मात्र भाराचा निर्णय चित्रावरून घेऊ नका. तो जाणत्या मिस्त्रीला आणि अभियंत्याला विचारा.

अक्षय्य तृतीयेला सासूबाई झोपाळ्यावर बसल्या. वर पाहून म्हणाल्या, "बैलगाडीच्या तट्ट्याखाली बसल्यागत वाटतंय." ह्यांना ते फार आवडले. आता येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात.