रस्ता वाढला, मग कोंडी का हटली नाही?

मुंबईत किंवा पुण्यात वाहतूक कोंडीचा विषय निघाला की उत्तर तयार असते : उड्डाणपूल बांधा, लेन वाढवा, नवा रस्ता काढा. कोंडीत तास-दीड तास अडकलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण याच समजुतीच्या भरवशावर हजारो कोटी रुपये खर्च होतात. म्हणून ती तपासून घ्यायला हवी, आणि तिच्यासोबत आणखी काही समजुतीही.

गैरसमज : रस्ता रुंद केला की कोंडी फुटते

फुटते, पण थोड्या काळापुरती. रस्ता मोकळा झाल्याचे दिसले की आतापर्यंत लोकलने जाणारा माणूस गाडी बाहेर काढतो. गर्दी टाळायला सकाळी सातला निघणारा पुन्हा नऊला निघू लागतो. दूरवरच्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत ‘नव्या पुलामुळे अवघ्या वीस मिनिटांवर’ अशी ओळ येते, तिथे घरे विकली जातात आणि त्या घरांतल्या गाड्या त्याच पुलावर उतरतात. ही गर्दी आधी नव्हती, ती रस्त्याने स्वतः निर्माण केली. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच लिहून ठेवले होते की, शहरातला द्रुतगती मार्ग कितीही वाढवला तरी गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतो. २०११ मध्ये ड्युरांटन आणि टर्नर या अभ्यासकांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गांच्या लेन जितक्या टक्क्यांनी वाढल्या, जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाहनांचा एकूण प्रवासही वाढल्याचे त्यांना दिसले.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ह्यूस्टनचा केटी फ्रीवे. सुमारे २८० कोटी डॉलर खर्चून २००८ मध्ये त्याचे रुंदीकरण पूर्ण झाले. सेवारस्ते धरून काही ठिकाणी तो तब्बल २६ लेनचा आहे. तरीही २०११ ते २०१४ या तीन वर्षांत त्यावरचा गर्दीच्या वेळचा प्रवास सकाळी सुमारे ३० टक्क्यांनी आणि संध्याकाळी सुमारे ५५ टक्क्यांनी लांबला. जमीन मुबलक आणि पैसाही मुबलक असलेल्या टेक्सासला २६ लेन पुरल्या नाहीत. तिथे परळ-दादरच्या चिंचोळ्या रस्त्यांवर आपण कोणत्या हिशोबाने आशा ठेवायची?

पुण्याला हा धडा घरातच मिळाला आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती, तोच २०२० मध्ये तो पाडावा लागला. त्याने चौकाची कोंडी सुटली नव्हती आणि मेट्रोच्या वाटेतही तो येत होता.

गैरसमज : मेट्रो सुरू झाली की रस्ते आपोआप मोकळे होतील

सार्वजनिक वाहतुकीची बाजू घेणाऱ्यांनीही हे आश्वासन देऊ नये, कारण ते खरे नाही. ड्युरांटन आणि टर्नर यांच्याच अभ्यासात सार्वजनिक वाहतूक वाढवल्याने रस्त्यावरची वाहने कमी झाल्याचे दिसले नाही. मेट्रोत बसलेल्या माणसाने रिकामी केलेली जागा दुसरा गाडीवाला भरून काढतो.

मेट्रोचा, बसचा, लोकलचा उपयोग वेगळाच आहे. रस्ता तुंबलेला असतानाही लाखो माणसे वेळेवर पोचतात, हे त्यांचे काम. सिग्नल नसलेल्या मोकळ्या लेनमधून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर झाली तीन हजार माणसे. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची एकच लोकल चार हजारांहून अधिक प्रवासी नेते, आणि तिच्या मागे चार-पाच मिनिटांत दुसरी येते. करोनापूर्वी मुंबईच्या लोकलने दिवसाला प्रवाशांच्या सुमारे ७५ लाख फेऱ्या होत. त्या रस्त्यावर आणायच्या ठरवल्या तर कितीही उड्डाणपूल बांधले तरी मुंबई जागची हलणार नाही.

प्रत्यक्ष वाहने कमी करायची असतील तर रस्ता वापरण्याची किंमत घ्यावी लागते. सिंगापूरने ते १९७५ मध्ये सुरू केले, लंडनने २००३ मध्ये. स्टॉकहोममध्ये असे शुल्क आल्यावर शहराच्या वेशीवरची वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली. अर्थात गाडी घरी ठेवणाऱ्याला चढता येईल अशी बस आधी हवी, तरच हे न्याय्य ठरते.

गैरसमज : बस तोट्यात चालते, रस्ता मात्र गुंतवणूक असते

मला सर्वांत जास्त खटकणारी समजूत ही. मुंबईचा मरिन ड्राइव्ह ते वरळी हा सागरी किनारा रस्ता १०.५८ किलोमीटरचा. खर्च सुमारे १४ हजार कोटी रुपये. त्यावर टोल नाही, आणि दुचाकींना तिथे प्रवेशही नाही. म्हणजे तो मुख्यतः मोटारीसाठी आहे, आणि मोटारवाल्याला फुकट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मे २०२५ मध्ये मुंबईच्या बेस्ट बससेवेचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, वातानुकूलित बसचे ६ वरून १२. रस्त्याचा खर्च कुणी ‘तोटा’ म्हणून लिहीत नाही. बेस्टची तूट मात्र दर अर्थसंकल्पात ठळक अक्षरांत येते. किनारा रस्ता बांधणारी महापालिका आणि बेस्टची पालक महापालिका एकच आहे.

दीड दशकापूर्वी बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या. आता तीन हजारही नाहीत, आणि त्यातल्या बहुसंख्य भाडेतत्त्वावरच्या. याचा अर्थ कळायला संध्याकाळी सात वाजता एखाद्या उपनगरी स्थानकाबाहेरच्या थांब्यावर उभे राहावे. रांग पदपथ सोडून रस्त्यावर आलेली असते. लांबून दिवे दिसले की सगळे वाकून नंबर वाचतात, आपला नसला की पुन्हा फोनकडे बघतात. पाऊण तासाने बस येते ती दारापर्यंत भरलेली. मग चौघे मिळून शेअर रिक्षा करतात, आणि त्यातला जो कमावता तरुण असतो तो पुढच्या दिवाळीला हप्त्यावर दुचाकी घेतो. बसचा प्रवासी असा हातचा जातो.

आणि तो परतही येतो. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ वरून ५ रुपयांवर आणले, तेव्हा दिवसाला १७-१८ लाखांवर घसरलेली प्रवासीसंख्या काही महिन्यांत ३० लाखांच्या घरात गेली. ‘लोकांना बस नकोच आहे’ हा समज तिथेच खोटा ठरला.

गैरसमज : पुण्यात बीआरटी फसली, म्हणजे बसची वेगळी लेन आपल्याकडे चालत नाही

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली, पण अर्धवट. मार्गिका सलग नव्हती, चौकाचौकांत बस पुन्हा सगळ्यांत मिसळत होती आणि थांब्यापर्यंत सुरक्षित पोचण्याची सोय अपुरी होती. अर्धवट केलेली गोष्ट फसली, यावरून कल्पनाच चुकीची ठरत नाही. अहमदाबादने २००९ पासून तीच कल्पना सलग जाळ्यासह राबवली. बसची लेन वाहनचालकांना रिकामी दिसते, कारण बस निघून गेलेली असते. त्या एका बसमधले साठ लोक मोटारींतून आले असते तर शेजारच्या लेनमध्ये चाळीस मोटारी वाढल्या असत्या.

रस्ते नकोतच, असे मात्र कुणी समजू नये. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना रस्ता हवा, घाटातली वळणे सुरक्षित हवीत, एसटीही रस्त्यावरूनच धावते. आक्षेप भर शहरात मोटारींसाठी लेनवर लेन चढवण्याला आहे.

तुमच्या भागात नव्या उड्डाणपुलाच्या भूमिपूजनाचा फलक लागला तर नगरसेवकाला तीन प्रश्न लेखी विचारा : या रस्त्यावरून तासाला किती माणसे जातात? नुसती वाहने मोजू नका. त्यातली किती बसने जातात? आणि या पुलाच्या पैशांत किती बस आल्या असत्या? उत्तर मिळेपर्यंत पत्राची प्रत आयुक्तांनाही पाठवत राहा.