थांबलात तरी घड्याळ चालूच

रविवारी पहाटे पुण्याहून सिंहगडाकडे किंवा बोपदेव घाटाकडे निघालेला सायकलस्वार पाहा. हँडलवर किंवा जर्सीच्या मागच्या खिशात फोन असतो आणि पॅडल मारण्यापूर्वी त्यावर एक बटण दाबलं जातं. घरी परतल्यावर हेल्मेट उतरवायच्या आधी तोच फोन हातात येतो. किती किलोमीटर झाले, किती चढ चढला हे तर पाहायचं असतंच. पण नजर शोधत असते ती घाटाला लागलेला वेळ आणि त्या वेळेपुढचा आपला क्रमांक. मागच्या खेपेपेक्षा पाच सेकंद जास्त लागले असतील, तर चांगली झालेली राइडही वाया गेल्यासारखी वाटते.

हे बटण बहुतेकदा ‘स्ट्रावा’चं असतं. मार्क गेनी आणि मायकल हॉर्वाथ हे दोघे हार्वर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघातले सोबती. कॉलेज संपलं, संघ पांगला आणि एकट्याने व्यायाम करताना सोबत्यांची उणीव भासू लागली. त्या उणिवेतून आलेली कल्पना २००९ मध्ये अ‍ॅपच्या रूपात उतरली. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘धडपडणं’. एकट्या माणसाला सोबत मिळावी हा हेतू मनापासूनचा होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. अनेक जण या अ‍ॅपमुळेच पहाटे अंथरुणातून उठू लागले, अनोळखी माणसं एकमेकांच्या राइडला दाद देऊ लागली. तक्रार दाद देण्याबद्दल नाही. ती आहे ‘सेगमेंट’बद्दल.

सेगमेंट म्हणजे रस्त्याचा एखादा तुकडा. कुणीही वापरकर्ता नकाशावर त्याची सुरुवात आणि शेवट ठरवतो. मग त्या तुकड्यावरून गेलेल्या प्रत्येकाचा वेळ आपोआप मोजला जातो आणि यादी लागते. यादीत पहिला येणारा पुरुष ‘किंग ऑफ द माउंटन’, म्हणजे सायकलस्वारांच्या भाषेत ‘केओएम’. स्त्री असेल तर ‘क्वीन’. तिथे नावापुढे छोटा मुकुट दिसतो. कुणी तो वेळ मोडला की लगेच मेल येतो: तुमचा मुकुट गेला.

ही पदवी टूर द फ्रान्समधून आली आहे. तिथे डोंगरांतल्या कामगिरीचा वेगळा हिशेब १९३३ पासून ठेवला जातो आणि त्यात आघाडीवर असलेल्याला १९७५ पासून लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळते. मात्र तिथे रस्ता बंद असतो, पंच असतात, मागे डॉक्टरची गाडी असते आणि संध्याकाळी त्या दिवसाची शर्यत संपते. अ‍ॅपने पदवी उचलली, बाकीचं सगळं मागेच राहिलं. इथली शर्यत चोवीस तास चालू असते, तीही दुधाची गाडी, शाळेची बस आणि रस्ता ओलांडणारी आजी जिथून जातात त्याच रस्त्यावर.

आणि या शर्यतीतलं घड्याळ थांबत नाही. संपूर्ण राइडचा सरासरी वेग दाखवताना अ‍ॅप थांबलेला वेळ वजा करतं, पण सेगमेंटमध्ये सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सगळा वेळ धरला जातो. शर्यतीच्या दृष्टीने हा नियम रास्तच आहे, नाहीतर जो तो चढाच्या मध्यावर दम खाईल. पण हाच सेगमेंट शहरातल्या सिग्नलवरून जात असेल, तर लाल दिव्याला थांबणारा हरतो आणि न थांबणारा जिंकतो. सिग्नल मोडा असं अ‍ॅप कुणालाही सांगत नाही, पण क्रमांक मात्र न थांबणाऱ्याला देतं. या सगळ्या प्रकारातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे.

तिचे परिणाम कोर्टापर्यंत गेले आहेत. जून २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या टेकड्यांवर ४१ वर्षांचा एक सायकलस्वार उतारावर अपघातात गेला. त्याच उतारावरचा त्याचा विक्रम दुसऱ्या कुणीतरी मोडला होता आणि तो परत मिळवायच्या प्रयत्नात तो होता. कुटुंबाने कंपनीवर दावा लावला. सायकल चालवण्यात धोका असतो आणि तो चालवणाऱ्याने स्वतः पत्करलेला असतो, या भूमिकेवर २०१३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मार्च २०१२ मध्ये जवळच्याच सॅन फ्रान्सिस्कोत उतारावरून आलेल्या एका सायकलस्वाराची धडक बसून रस्ता ओलांडणारे ७१ वर्षांचे गृहस्थ दगावले. तपासात त्या सायकलस्वाराच्या अ‍ॅपमधली नोंदही पाहिली गेली आणि पुढे तो मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरला. दुसऱ्या प्रकरणात जीव गेला तो शर्यतीत नसलेल्या माणसाचा. धोका चालवणाऱ्याने पत्करलेला असतो, हे उत्तर इथे लागू पडत नाही.

आता वापरकर्ते एखाद्या सेगमेंटला ‘धोकादायक’ अशी खूण करू शकतात. मग तिथली क्रमवारी दाखवली जात नाही. सोय चांगली आहे, पण आधी कुणीतरी ती खूण करावी लागते.

रोजच्या कटकटी याहून लहान आहेत, पण चिडचिड त्यांचीच जास्त. अ‍ॅपची सगळी मदार उपग्रहांकडून येणाऱ्या जीपीएस संकेतांवर. दाट झाडीत, डोंगराच्या कुशीत किंवा उंच इमारतींमध्ये नोंदलं जाणारं स्थान काही मीटरनी सरकतं. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात १० मीटर कापते. म्हणजे १० मीटरची चूक झाली की निकालात एक सेकंदाची चूक होते, आणि अर्ध्या मिनिटाच्या सेगमेंटवर पहिल्या पाच जणांमध्ये अंतरच तेवढं असतं. इतक्या छोट्या तुकड्यावर कुणाला विजेता म्हणणं हे मोजमापाच्या ताकदीबाहेरचं आहे.

शिवाय मुकुट कुणी मिळवला, हाही प्रश्न असतोच. कुणी राइड संपल्यावर बटण बंद करायला विसरतो, सायकल गाडीच्या टपावर बांधतो आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या नावावर चार विक्रम लागतात. कुणी इलेक्ट्रिक सायकलवरची राइड साध्या सायकलची म्हणून चढवतो. कुणी मोठ्या गटाच्या आडोशाला, पाठीवर वारा घेऊन जातो. पहिल्या दोन प्रकारांत तक्रार केली की नोंद काढली जाते, पण तक्रार करणाऱ्याला आपण चहाडी करतोय असं वाटत राहतं. स्त्रियांच्या यादीत हा त्रास दुप्पट जाणवतो. तिथे नोंदी मुळात कमी असतात, त्यामुळे एखाद्या पुरुषाने चुकीच्या खात्यावरून किंवा कुणी ई-बाइकवरून केलेली एकच राइड खऱ्या विजेतीला कित्येक महिने खाली ढकलू शकते.

स्त्रियांची आणखी एक अडचण आहे आणि ती क्रमांकाहून मोठी आहे. यादीत यायचं तर राइड सर्वांना दिसायला हवी. राइड दिसली की रस्ता दिसतो, वेळ दिसते आणि काळजी घेतली नाही तर घराचा कोपराही दिसतो. रस्त्यात आपल्या जवळून कोण गेलं हे दाखवणारी ‘फ्लायबाय’ नावाची सोय २०२० पर्यंत आपोआप चालू असायची. टीका झाल्यावर ती मुळातच बंद ठेवून देण्यात आली. राइड फक्त ओळखीच्यांना दाखवण्याची, सुरुवात-शेवट झाकण्याची सोय आहे. मात्र राइड फक्त ओळखीच्यांपुरती ठेवली, तर सेगमेंटच्या यादीत नाव येत नाही. सुरक्षितता हवी असेल, तर स्पर्धा सोडा, अशी ही निवड आहे.

मे २०२० मध्ये संपूर्ण क्रमवारी पैसे भरणाऱ्यांपुरती झाली आणि फुकट वापरणाऱ्यांना पहिले दहाच दिसू लागले. अ‍ॅप चालवायला पैसा लागतो हे मान्य. पण या बदलात सर्वांत जास्त गमावलं ते मधल्या फळीतल्या माणसानं. शंभरावरून नव्वदावर आल्याचा आनंद त्याचाच होता.

त्याच वर्षी ‘लोकल लेजंड’ आलं: ९० दिवसांत एका सेगमेंटवरून सर्वांत जास्त वेळा जाणाऱ्याला मान. इथे वेगाला किंमत नाही, नेमाला आहे, आणि रोज त्याच वाटेने कामावर जाणाऱ्याला प्रथमच नाव मिळालं. कुणी त्यासाठी तीनशे मीटरच्या तुकड्यावर दिवसभर खाली-वर करतं, पण त्यात इतर कुणाला इजा तरी होत नाही.

वैतागलेल्यांपैकी थोडेच जण अ‍ॅप काढून टाकतात. बहुतेक जण नोंद ठेवतात आणि सूचना बंद करतात. बरेच जण बीआरएमकडे वळतात. फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँच्या नियमांनी चालणाऱ्या या लांब पल्ल्याच्या राइड पुणे, मुंबई, नाशिकमध्येही नेमाने होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. वेगालाही वरची हद्द आहे: शेवटचा कंट्रोल, म्हणजे नोंद करायचा तपासनाका, सुटल्यापासून ५ तास ५३ मिनिटांच्या आत उघडतच नाही. त्याआधी पोचलेल्याला सायकल भिंतीला टेकवून वाट पाहावी लागते. वेळ नोंदवला जातो, पण क्रमांक लावत नाहीत. सात तासांत आलेला आणि मुदत संपायला पाच मिनिटं असताना धापा टाकत पोचलेला, दोघांचीही राइड सारखीच मान्य होते.