खेळाचा धनी कोण?

१९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह यांनी ‘टेट्रिस’ रचला. चार चौकोनांचे तुकडे वरून उतरतात. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. खेळ एवढाच, पण त्याची जुनी प्रत व यंत्र ज्याच्या घरी शाबूत आहे, तो आजही खेळू शकतो.

उलट २०१४ साली निघालेला ‘द क्रू’ हा मोटार-शर्यतीचा खेळ पाहा. एकट्याने खेळतानाही तो कंपनीच्या दूरच्या संगणकाशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते संगणक बंद केले आणि पैसे मोजून घेतलेली तबकडी त्या दिवशी निरुपयोगी झाली.

दूरदेशीच्या सवंगड्यांबरोबर खेळण्याचा आनंद खोटा नव्हे. परंतु किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असेल, तर आपण धनी नसून भाडेकरू आहो, हे ओळखूनच पैसे द्यावेत.