चिमूरच्या कैद्यांची फाशी टळली, मग बाबुराव शेडमाकेंची का नाही?

१६ ऑगस्ट १९४२. नागपंचमीचा दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये त्या दिवशी मोर्चा निघाला. 'भारत छोडो'चा ठराव होऊन आठच दिवस झाले होते. मोर्चावर गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा गेला आणि जमाव बिथरला. डाक बंगला पेटला. उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह सरकारी माणसं मारली गेली. त्याच दिवशी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आष्टीला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. तिथेही गोळ्या सुटल्या, तिथेही दोन्ही बाजूंची माणसं मेली.

पुढे काही दिवसांत चिमूरमध्ये लष्कर उतरलं. धरपकड झाली. आणि मग प्रश्न आला, या पकडलेल्या लोकांचं करायचं काय?

हा प्रश्न चिमूरपुरता नाही. प्रत्येक लढाईनंतर जिंकणाऱ्याला तो पडतो. हरलेल्यांच्या म्होरक्यांना युद्धकैदी म्हणायचं की गुन्हेगार? खटला चालवायचा की नुसतं डांबून ठेवायचं? कुठल्या कायद्याने, कुठल्या कोर्टात? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा प्रश्न दोन वेळा आला, एकदा १८५८ मध्ये आणि एकदा १९४२ मध्ये. दोन्ही वेळा सरकार इंग्रजांचंच होतं. निकाल मात्र वेगळे लागले. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी ८४ वर्षं मागे जावं लागेल.

सैनिक मारतो तेव्हा तो खून का नसतो?

आधी एक मूलभूत गोष्ट. एका देशाचा सैनिक रणांगणात दुसऱ्या देशाच्या सैनिकाला मारतो, तेव्हा त्याच्यावर खुनाचा खटला चालत नाही. तो पकडला गेला तर युद्धकैदी होतो. त्याला खायला द्यायचं, मारायचं नाही, आणि युद्ध संपलं की घरी पाठवायचं, असा हा नियम आहे. खटला चालवायचाच असेल तर तो त्याने युद्धाचे नियम मोडले म्हणून चालवता येतो, तो लढला म्हणून नाही.

पण हे कवच मिळायला एक अट आहे. समोरच्याने तुमच्या लढाईला 'युद्ध' म्हणायला हवं. तो 'बंड' म्हणाला की सगळं उलटतं. मग तुम्ही सैनिक उरत नाही, खुनी ठरता. तुमचा सेनापती राजद्रोही ठरतो. आणि हे नाव ठेवण्याचा अधिकार बहुतेक वेळा जिंकणाऱ्याकडेच असतो. खरी मेख इथेच आहे.

३३ दिवस

बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले. १८५७ च्या उठावाची ठिणगी या जंगलात पोहोचली ती त्यांच्यामुळे. गोंड, माडिया आणि रोहिल्या तरुणांची फौज त्यांनी उभी केली, जिला आज 'जंगोम सेना' म्हणून ओळखलं जातं. १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. नांदगाव-घोसरीला इंग्रजी फौजेशी लढाई झाली. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलच्या शेवटी प्राणहितेकाठी तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन बाबुरावांच्या मागे लागला. लढून हाती लागेनात, म्हणून त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. १८ सप्टेंबर १८५८ ला बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. मोजून पहा, ३३ दिवस. यातच अटक, चौकशी, खटला, शिक्षा आणि अंमलबजावणी.

एवढ्या घाईला कायद्याची परवानगी होती का? होती. आणि ती मुद्दाम बनवलेली होती. १८५७ च्या मध्यापासून कंपनी सरकारने एकामागून एक कायदे काढले. त्यांनी अधिकाऱ्यांना बंडखोरांवर खटले चालवून थेट मृत्युदंड देण्याचे अधिकार दिले आणि अपिलाची वाट बंद केली. भारतीय दंड संहिता तेव्हा लागूच नव्हती, ती आली १८६२ मध्ये. थोडक्यात, ज्या प्रशासनाने जंगलात पाठलाग केला, त्यानेच आरोपी कोर्टापुढे उभा केला आणि त्यानेच दोर आवळला.

यात आणखी एक अडचण होती, जिच्याकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही. राजद्रोहासाठी आधी निष्ठा असावी लागते. चांदा हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग. तिसरे रघूजी वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने ते राज्य खालसा केलं. म्हणजे बाबुराव लढायला उभे राहिले तेव्हा इंग्रजी अंमल अवघा चार वर्षांचा होता. चार वर्षांपूर्वी जबरदस्तीने आलेल्या सरकारशी ते 'बेइमान' कसे? हाच मुद्दा वर्षभरात तात्या टोपेंनी शिवपुरीच्या लष्करी कोर्टात मांडला. आपण पेशव्यांचे चाकर, इंग्रजांचे प्रजाजन नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १८ एप्रिल १८५९ ला त्यांनाही फाशी झाली.

बाबुरावांच्या फाशीनंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ ला, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा आला. हत्यार टाकणाऱ्यांना त्यात माफी होती. पण इंग्रज प्रजाजनांच्या खुनात थेट सामील असलेल्यांना ती नव्हती. गार्टलंड आणि हॉल यांच्यामुळे बाबुराव कदाचित वगळलेच गेले असते. तरीही व्यंकटरावांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ते निसटून बस्तरला गेले, १८६० मध्ये पकडले गेले, आणि त्यांना फाशी नाही तर जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्यांच्या आईने केलेली रदबदली कामी आली, असं सांगितलं जातं. उठाव तोच, सरकार तेच. फरक दोन वर्षांचा. राग निवला होता.

मोठ्यांना किल्ला, लहानांना फाशी

आता परत १९४२ मध्ये येऊ. आंदोलनाचे सगळ्यात मोठे नेते सरकारने ८-९ ऑगस्टलाच उचलले होते. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नेहरू-पटेल-आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात. त्यांच्यावर खटला चालला का? नाही. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना नुसतं स्थानबद्ध केलं. आरोप नाही, कोर्ट नाही, तारीख नाही. १९४५ च्या जूनमध्ये सोडून दिलं.

चिमूरवर ज्यांच्या भजनांचा मोठा प्रभाव होता, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचंही तसंच. ऑगस्टच्या शेवटी त्यांना चंद्रपुरात अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं आणि वर्ष संपायच्या आत सोडलं.

मोर्चात पुढे असलेल्या गावच्या पोरांचं मात्र तसं नव्हतं. त्यांच्यावर खून, दंगल, जाळपोळीची कलमं लागली.

सरकारची चाल लक्षात घ्या. नेत्यावर खटला चालवला की तो कोर्टात भाषण करतो, आणि ते भाषण दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. टिळकांच्या खटल्याने हे इंग्रजांना चांगलं शिकवलं होतं. म्हणून नेत्याला गप्प डांबायचं आणि त्याच्या मागे गेलेल्याला साधा खुनी म्हणून उभं करायचं. नेत्याचं प्रकरण मग राजकारणाचं होतं, कार्यकर्त्याचं फौजदारीचं. ही विभागणी आजही अनेक देशांत दिसते.

विशेष कोर्टं आणि एका निकालाचा गोंधळ

चिमूर आणि आष्टीचे खटले साध्या सेशन्स कोर्टात चालले नाहीत, विशेष न्यायाधीशांपुढे चालले. १९४२ च्या सुरुवातीला जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या होत्या. त्या भीतीतून व्हाइसरॉयने एक वटहुकूम काढला होता. शत्रू चाल करून आला तर झटपट न्याय करता यावा म्हणून विशेष फौजदारी कोर्टं. साक्षी पूर्ण लिहून घ्यायच्या नाहीत, फक्त टिपण ठेवायचं. नेहमीसारखं अपील नाही. फाशी झालीच तर सरकारने नेमलेल्या हायकोर्टाच्या एका न्यायाधीशाने कागद तपासायचे आणि त्याचा शब्द शेवटचा. जपानी आले नाहीत. कोर्टं मात्र 'भारत छोडो'वाल्यांसाठी वापरली गेली.

चिमूरच्या खटल्यात अनेकांना फाशी आणि जन्मठेप झाली.

पण यावेळी ३३ दिवसांत काहीच आटोपलं नाही. ४ जून १९४३ ला दिल्लीच्या फेडरल कोर्टाने, म्हणजे आजच्या सुप्रीम कोर्टाच्या पूर्वसुरीने, बंगालमधल्या एका खटल्यात निकाल दिला की ही विशेष कोर्टं ज्या पद्धतीने चालवली जातात ती बेकायदा आहे. सरकारने दुसऱ्याच दिवशी नवा वटहुकूम काढला. जुन्या शिक्षा वैध धरल्या, पण बदल्यात एक दार उघडावं लागलं. आता या शिक्षांवर रीतसर अपील करता येणार होतं. पुढे १९४४ च्या अखेरीस लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मूळ वटहुकूमच बरोबर होता, असं सांगितलं. म्हणजे सरकार कागदावर जिंकलं. पण तोवर वेळ निघून गेला होता, आणि फाशीच्या कैद्यासाठी वेळ म्हणजे जीव.

या कोर्टांच्या शिक्षांवरची अपिलं फेडरल कोर्टात आली, तेव्हा न्यायाधीशांपुढे एक नवा प्रश्न आला. माणूस महिनोन्महिने फासाच्या छायेत बसला असेल, तर नुसत्या उशिरामुळे त्याची फाशी रद्द करता येते का? कोर्ट म्हणालं, अधिकार आम्हाला आहे, पण तो वापरताना आम्ही हात आखडता घेऊ, कारण शिक्षा सौम्य करणं हे मुख्यतः सरकारचं काम. स्वतंत्र भारताच्या सुप्रीम कोर्टात फाशीला लागलेल्या उशिरावर वाद झाले, तेव्हा १९४० च्या दशकातलं हे निरीक्षण पुन्हा पुन्हा उद्धृत झालं.

बाहेर काय चाललं होतं?

कोर्टाच्या बाहेरची लढाई जास्त महत्त्वाची ठरली. चिमूरमध्ये लष्कराने स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या होत्या. डॉ. बा. शि. मुंजे आणि अनसूयाबाई काळे यांनी त्या उजेडात आणल्या. सरकार चौकशीला तयार नव्हतं. तेव्हा सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी दिल्लीला गेले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या बापूजी अणे यांच्या दारात बसले, आणि त्यांनी उपोषण सुरू केलं. ते चाललं ६३ दिवस. हिंदू महासभेचे मुंजे, काँग्रेसच्या अनसूयाबाई, आश्रमातले भणसाळी, सरकारात बसलेले वऱ्हाडचे अणे. एरवी एका पंगतीला न बसणारी ही माणसं चिमूरच्या निमित्ताने एका प्रश्नाभोवती आली.

अनसूयाबाईंनी पुढे फाशीच्या कैद्यांसाठी अर्ज, भेटी आणि निधी असा पाठपुरावा चालूच ठेवला. गांधीजी १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनीही हा विषय उचलला आणि या फाशा म्हणजे कायद्याच्या नावाने थंड डोक्याने केलेला खून ठरेल, असं ठणकावलं.

१९४५ मध्ये लॉर्ड वेव्हेलच्या कारकिर्दीत उरलेल्या फाशा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. यात सरकारला अचानक दया आली, असं मानायचं कारण नाही. युद्ध संपत आलं होतं. सिमल्यात काँग्रेस नेत्यांशी बोलणी करायची आणि दुसरीकडे चिमूरच्या पोरांना लटकवायचं, हे जमण्यासारखं नव्हतं.

त्याच वर्षी, जगात

१९४५ हे वर्ष या विषयात फार मोठं आहे. हरलेल्या नाझी नेत्यांचं काय करायचं यावर मित्रराष्ट्रांत वाद चालू होता. ब्रिटन बराच काळ म्हणत होतं की खटले नकोत, मोठ्या नेत्यांना सरळ गोळ्या घाला. अखेर नोव्हेंबरमध्ये न्यूरेंबर्गला खटला उभा राहिला. त्याच महिन्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर कोर्ट मार्शल सुरू झालं. आरोप होता बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा.

वकील भुलाभाई देसाईंनी तिथे जे मांडलं, ते बाबुराव शेडमाकेंसाठी कुणी मांडलंच नव्हतं. गुलाम देशातल्या लोकांनाही स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, त्यांची फौज संघटित असेल तर आंतरराष्ट्रीय कायद्याने ते युद्धच आहे, आणि मग युद्धात केलेल्या कृत्यांवर देशाचा फौजदारी कायदा लागत नाही. कोर्टाने ते मानलं नाही, तिघांनाही जन्मठेप सुनावली. पण रस्त्यावरचा क्षोभ पाहून सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ३ जानेवारी १९४६ ला ती माफ केली.

आज कायदा काय म्हणतो?

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी पहिल्यांदाच देशांतर्गत सशस्त्र संघर्षासाठी एक किमान नियम घातला. पकडलेला माणूस बंडखोर असला तरी त्याचा छळ करायचा नाही आणि रीतसर नेमलेल्या कोर्टाशिवाय त्याला शिक्षा द्यायची नाही. भारताने हे करार स्वीकारले आहेत. अंतर्गत संघर्षासाठी तपशीलवार नियम सांगणारा १९७७ चा जादा मसुदा मात्र भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे भारतात सरकारविरुद्ध शस्त्र घेणाऱ्याला आजही युद्धकैद्याचा दर्जा मिळत नाही. त्याच्यावर फौजदारी कायदाच लागतो. 'सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे' हे जुन्या दंड संहितेचं कलम १२१ होतं, भारतीय न्याय संहितेत ते कलम १४७ झालं. शिक्षा आजही मृत्युदंड किंवा जन्मठेप.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. त्याला लागू झालं ते शरणागती धोरण. यात बक्षिसाची रक्कम, पुनर्वसन, घर अशा गोष्टी येतात. पण धोरण हा कायदा नव्हे. शरण आल्याने आधीचे गुन्हे आपोआप पुसले जात नाहीत, खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी लागते. बाबुरावांच्या मोलमपल्लीचा परिसर याच गडचिरोली जिल्ह्यात आहे.